ढब्बूचं वजन

१७ डिसेंबर

ढब्बूनं आजही निम्मं खाणं वाटीत तसंच ठेवलं. सकाळी वाटी उचलली तर हाताला जड लागली. कालही अशीच होती. काल मी स्वतःची समजूत घातली की थंडी आहे, भूक मंदावली असेल. पण हे जनावर मुळात थंड डोंगरातलं. थंडीत त्याची भूक वाढायला पाहिजे.

आमच्या गल्लीत त्याला कुणी उंदीर म्हणतं, कुणी ससा. दूधवाला खार म्हणतो. चिंचिला हा शब्द मीसुद्धा गौरी त्याला पुण्याहून घेऊन आली तेव्हाच ऐकला. करडा, गोल कानांचा, झुबकेदार शेपटीचा. नाव ढब्बू, कारण तेव्हा होताच ढब्बू. सप्टेंबरात पोरगी शिकायला आयर्लंडला गेली तेव्हा ५४० ग्रॅम होता. विमानतळावर मला म्हणाली, "आई, दर रविवारी त्याचं वजन सांगायचं. कमी झालं तरी खरं सांगायचं." आईबापाच्या तब्येतीबद्दल चकार शब्द नाही.

आणि नेमका वजनाचा काटा बंद पडलाय. अप्पांच्या हातून त्याच्यावर चहा सांडला. सासरे आहेत, बोलता येत नाही. मी नवा मागवते म्हटलं तर त्यांनाच राग. "सगळी हयात तराजू धरण्यात गेली माझी, आन् माझ्या घरात काटा इकत आणायचा?"

१९ डिसेंबर, येळवस

वेळ अमावास्येच्या पूजेला आणि जेवायला सगळे जळकोटकडच्या शेतात. भज्जी, आंबील, ज्वारीचे उंडे. दरवर्षी मी दोनदा वाढून घेते, आज पहिलंच ताट निम्मं राहिलं. ढब्बू घरी एकटा. जावेनं विचारलं काय झालं, तर काय सांगू? उंदीर जेवत नाही म्हणून मी जेवत नाही?

परत आल्या आल्या पिंजरा पाहिला. लेंड्या बारीक. आधी तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठ्या असायच्या, आता जिऱ्याएवढ्या. पन्नाशीला आले आणि रोज सकाळी लेंड्या न्याहाळत बसते.

२१ डिसेंबर, रविवार

अप्पांनी तराजू काढला. आमचं दुकान आता जनावरांच्या खाद्याचं, ढेप-सरकी-कळण्याचं, तिथे पोती मोजायचा मोठा काटा आहे, त्याला ढब्बू बसला काय, न बसला काय. हा तराजू जुना, किराणा होता तेव्हाचा. सोबत पितळी वजनांची पेटी, वेलदोडे-केशर मोजायची. सगळ्यात लहान वजन पाच ग्रॅमचं.

एका पारड्यात पत्र्याचा डबा ठेवला. दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा दगड, त्याला धडा म्हणतात, म्हणजे डब्याचं वजन आपोआप वजा. मग डब्यात ढब्बू. मी दोन्ही हातांनी आडोसा केला म्हणजे उडी मारायला नको. अप्पा एकेक वजन टाकत गेले. माझा चष्मा आत राहिला होता.

"चारशे सत्तर."

सत्तर ग्रॅम गेले. एवढ्याशा जिवातले.

दुपारी गौरीचा फोन. चेहरा धड दिसेना, कॅमेरा छताकडे. नेट बरोबर नाही म्हणाली. "वजन?" मी म्हणाले, पाचशेच्या आसपास. "आसपास म्हणजे?" अप्पा हाक मारताहेत म्हणून फोन ठेवला. अप्पा झोपले होते.

पुढच्या महिन्यात तिची परीक्षा. ती झाली की सांगेन.

२४ डिसेंबर

अप्पांचे सल्ले सुरू. "सरकी भिजवून दे. पंधरा दिवसात पाठ भरती. मोडक्या म्हशी उभ्या केल्यात आपल्या ढेपेनं." आमच्या घराण्याला वजन वाढवणं शिकवायला नको, हा त्यांचा ठाम विश्वास. मी परत परत सांगते की याला तेलकट चालत नाही, दाणे नाहीत, बेदाणे नाहीत, गोड तर अजिबात नाही. फक्त सुकं गवत आणि त्याचं ते कोरडं खाणं. अप्पा ऐकून घेतात आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. गवत खाऊन कोण सुधरलंय?

तशी त्यांची ढब्बूवर माया आहे. तो पाण्यानं अंघोळ करत नाही, राखेसारख्या बारीक मातीत लोळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अप्पांनी हात जोडले. "अंगभर भस्म लावून बसतंय. हे आपल्याच घरचं हाय." तेव्हापासून ते त्याला स्वामी म्हणतात. एकदा राख संपली तर स्वतःची विभूतीची वडी कुटून द्यायला निघाले होते. मी आडवी आले.

२७ डिसेंबर

पिंजऱ्यात शेंगदाण्याची फोलपटं. लाल, पातळ. तळहातावर घेऊन अप्पांपुढे धरली.

"अप्पा, हे कुणी दिलं?"

"चारच दिले. लई आवडीनं खाल्ले गं त्यानं. दोन्ही हातात धरून."

मी बोलले. जास्त बोलले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, सासऱ्यांपुढे आवाज चढला नव्हता. अप्पा न जेवता आपल्या खोलीत गेले. हे दोघांच्या मधे उभे, एकदा इकडे बघतात, एकदा तिकडे.

संध्याकाळपर्यंत एकही लेंडी नाही. पोट फुगलेलं, कोपऱ्यात गोळा होऊन बसलाय. ह्यांनी गाडी काढली, जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या भल्या माणसानं डब्यात डोकावून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "वैनी, मी गाई-म्हशीचा माणूस. याच्यातलं मला कळत न्हाई, खोटं कशाला बोलू?" नांदेडच्या एका डॉक्टरबाईंचा नंबर दिला. त्या असल्या बारक्या जिवांचं बघतात. फोनवर त्यांनी सांगितलं तसं पोट हलक्या हातानं चोळत बसले.

२८ डिसेंबर

झाली. सकाळी सात-आठ लेंड्या. जीव भांड्यात पडला. अप्पा दारात येऊन उभे. "झाली का?" म्हटलं, झाली. पूजेला गेले. जेवलेसुद्धा.

गौरीला म्हटलं, मस्त आहे तुझा ढब्बू. वजन केलं नाही गं, काट्यात सेल नाहीत.

२ जानेवारी

कुरिअरनं येणारं गवत कुठेतरी अडकलंय. उरलंय ते दोन दिवसांचं. डॉक्टरबाईंना विचारलं, कडबा चालेल का? म्हणाल्या, कडब्यापेक्षा हरळी बघा. बिनफवारणीची, सावलीत सुकवलेली. याच्या दाढा वाढतच असतात, ती चावून झिजतात.

ह्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं. तो शेतकरी पोतं भरून घेऊन आला आणि दुकानात हसत सुटला. "सावकार, लोक हरळी काढायला मजूर लावून राहिले आन् तुम्ही मागवून घेऊन राहिलात?" माळ्यावर जुन्या साड्या अंथरून पसरलीय. घरभर वास.

५ जानेवारी

अप्पांनी स्वतःहून तराजू काढला. शेंगदाण्यानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं धड बोललो. मी डबा धरून, ते वजनं टाकत.

"चारशे पंचाहत्तर."

पाच वाढले. मला रडूच आलं. अप्पा म्हणाले, "आगं, रडायलीस का? वाढलंय की."

११ जानेवारी, रविवार

४८५. रोज पूजा झाली की वजन करायचं, असं ठरूनच गेलंय. अप्पा आकडा बोलले की मी दिवसभर त्याच आकड्यावर चालते. भाकरी चांगल्या फुगतात, ह्यांच्याशी नीट बोलते.

गौरीला ५१० सांगितलं. मागे पाचशेच्या आसपास म्हणून बसले होते, मग आता ४८५ कसं सांगणार? आज तिचं फक्त कपाळ आणि डोळे दिसले. भला मोठा स्वेटर. जेवलीस का विचारलं. "हो गं. मस्त चाललंय माझं. ढब्बू दाखव." ढब्बू दाखवला. लांबून.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून ढब्बूला आतल्या खोलीत ठेवलं, शहाबादी फरशीवर, दाराला कडी. तरी समोरच्या काकूंनी विचारलंच. मग सगळ्यांना बघायचा होता. मी नाही म्हटलं. काकू वाण घेऊन उठताना म्हणाल्या, "इतकी सेवा माणसाची पण होत न्हाई आजकाल." बायका हसल्या, मीही हसले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आपटली.

खरं आहे ते. मी माणसाची इतकी सेवा केली नाही. गौरीच्या लहानपणी मी दुकानात. तिला ताप आला तरी अव्वा बघायच्या, माझ्या सासूबाई. आता पोरगी तिकडे, अव्वा गेल्या, आणि माझ्या हातात तिचं म्हणून एवढंच राहिलंय, मूठभर. हे गेलं तर मी तिला काय तोंड दाखवू?

१९ जानेवारी

अप्पा म्हणतात ४९५. पण आज त्याला उचललं तेव्हा पाठीचे मणके एकेक मोजता आले. केसांत वजन लपतं, गौरी म्हणायची, हातानं बघ. हात म्हणतो घटलाय. तराजू म्हणतो वाढलाय. तराजूवर विश्वास ठेवायचा की हातावर? तराजूवर ठेवला. बरं वाटत होतं ना.

हनुवटी ओली दिसली. पाणी पिताना लागलं असेल.

२२ जानेवारी

हनुवटी परत ओली. केस चिकटलेले. हरळीची काडी उचलतो, तोंडाशी नेतो, चावतो आणि टाकून देतो. पंजानं तोंड पुसत राहतो. डॉक्टरबाईंना फोन. म्हणाल्या, "काकू, घेऊनच या." मी म्हटलं, पण वजन वाढतंय. त्या म्हणाल्या, "वाढत असेल तर चांगलंच आहे. पण या."

२४ जानेवारी

नांदेड. उजाडायच्या आत निघालो, ऊन नको म्हणून. मांडीवर पिंजरा, पिंजऱ्याला लागून बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळलेली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी एकदाही बाहेर बघितलं नाही. ह्यांनी प्रत्येक खड्ड्याला "सॉरी, सॉरी" म्हटलं. मला की ढब्बूला, देव जाणे.

डॉक्टरबाई गौरीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. ढब्बूला काट्यावर ठेवला. आकडे लाल. ४२२.

मी म्हटलं, काटा परत लावा. त्यांनी लावला. ४२२. "काकू, घरी कशावर मोजलंत?" तराजूवर, म्हटलं. सासरे मोजतात, त्यांचा जन्म त्यात गेला. त्यांनी आकडा कागदावर लिहिला. ह्यांनी मान खाली घातली. बापाला ओळखतात.

दाढा वाढल्यात. आतल्या आत वाकड्या होऊन जिभेला टोचतात. भूक आहे, चावता येत नाही, म्हणून उपाशी. महिनाभर माझ्या डोळ्यासमोर उपाशी. भूल देऊन दाढा घासाव्या लागतील, पण इतक्या हलक्या जिवाला भूल म्हणजे जोखीम. आठवडा-दहा दिवस सिरिंजनं पातळ खाणं भरवा, थोडं अंग धरू दे, मग आणा. चारशेच्या खाली गेला तर मी भूल देणार नाही, म्हणाल्या. मग शेवटी विचारलं, "याची मालकीण कोण? त्यांना जोखीम सांगितलीय ना? त्यांचा होकार लागेल."

ताईकडे जेवायला थांबलो नाही. नांदेडात जाऊन बहिणीला तोंड दाखवलं नाही, आता ती वर्षभर ऐकवेल.

घरी आल्या आल्या अप्पांपुढे उभी राहिले. काही विचारायची वेळ आली नाही. ह्यांनी फोनवर सांगितलं असणार.

"मी वर टाकत होतो," अप्पा म्हणाले.

मला कळेना.

"गिऱ्हाइकाला मापाच्या वर चिमूटभर टाकतोच की आपण. खुशीनं जावं म्हणून. तू रोज तोंड पाडून उभी ऱ्हायलीस. म्हणलं, पाच ग्रॅमनं काय होतंय. एकदा वर टाकलं, मग दुसऱ्या दिवशी खाली येता येईना."

२५ जानेवारी, रविवार

अप्पांशी बोलले नाही. दिवसातून किती वेळा सिरिंज, गणतीच ठेवली नाही. टॉवेलात गुंडाळायचा, मांडीवर घ्यायचा, ओठाच्या कडेनं सिरिंज सरकवायची, थेंब थेंब. अर्धं माझ्या साडीवर. एकदा ठसका लागला तेव्हा उपडा धरून त्याची पाठ चोळली.

हे म्हणाले, नवा काटा आणतो. अप्पांनी ऐकलं. तराजू उचलून स्वतःच्या खोलीत नेला आणि दार लोटून घेतलं.

गौरीचा फोन आला, उचलला नाही. पाहुणे आहेत असा मेसेज टाकला. अप्पांवर कसला राग काढतेय मी? त्यांनी मला वर टाकून दिलं, मी पुढे तिला वर टाकून दिलं. दुकान एकच आहे.

२७ जानेवारी

सांगितलं. परीक्षा कालच संपली तिची, आता कसली सबब उरली नव्हती.

"आई, किती?"

"चारशे बावीस."

"आजचं?"

"शनिवारचं. डॉक्टरांच्या काट्यावरचं."

"आणि ते पाचशे दहा?"

मी म्हटलं, ते मी तुला बरं वाटावं म्हणून. तिनं फोन कट केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतर मेसेज आला: भूल देऊ दे. रोज खरा आकडा पाठव. रविवारी नाही, रोज.

सुरुवातीला आई असं लिहिलेलं नव्हतं. नेहमी असतं.

२९ जानेवारी

सकाळी अप्पा तराजू घेऊन आले. नव्या काट्याचं खोकं टेबलावर तसंच पडलेलं, त्याच्याकडे बघितलंही नाही. माझा चष्मा त्यांनीच शोधून आणला होता. माझ्या हातात दिला.

"तू वाच. मी बोलत न्हाई."

मी ढब्बूला डब्यात धरला, मान वाकडी करून एकेक वजन वाचलं. दोनशे, दोनशे, वीस, पाच. ४२५. मग नव्या काट्यावर ठेवला. ४२६. अप्पांनी आकडा लांबून पाहिला, आणि धड्याचा दगड पुसायला घेतला. तराजू खोटा नव्हता, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

४२५ पाठवलं. दोन निळ्या खुणा, उत्तर नाही.

२ फेब्रुवारी

४३५. खरे. मीच वाचले. गौरीनं अंगठा पाठवला. नुसत्या अंगठ्यानं माणसाला इतका आनंद होतो का?

५ फेब्रुवारी

नांदेड, दुसऱ्यांदा. अप्पांनी हट्ट धरला, येणारच. या वयात एवढा प्रवास, गुडघे धरलेले, पण पुढच्या सीटवर ताठ बसले.

डॉक्टरबाई ढब्बूला आत घेऊन गेल्या. तो मान वळवून बघत होता, असं मला वाटलं. हे म्हणतात नव्हता बघत. बाहेर बाकावर अप्पांनी गळ्यातली करडी, लिंगाची डबी, काढली, इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. शेजारी कुत्रं घेऊन बसलेली मुलगी आवाज न करता सरकून बसली. माझ्या डोक्यात एकच, भुलीतून उठला नाही तर गौरीला कोणत्या शब्दांत सांगायचं. शब्द जुळवत होते. जुळवले की पुसत होते.

उठला. दार उघडलं तेव्हा डॉक्टरबाईंच्या हातात ओल्या बोळ्यासारखा, पण डोळे उघडे. म्हणाल्या, आता खरी परीक्षा आहे. स्वतःहून खायला लागला तर जिंकलं. काही जण लागत नाहीत.

आज ताईकडे जेवलो. तिनं ऐकवलंच.

७ फेब्रुवारी

खात नाही. सिरिंजसुद्धा थुंकून टाकतो. ४१५.

पाठवताना ४२० टाइप झालं. अंगठ्यानंच केलं, मी केलं नाही. पाठवायच्या आधी खोडलं. ४१५ लिहिलं. पाठवलं आणि फोन उशीखाली ठेवला.

लगेच फोन आला. ती रडत होती, मीही. मग म्हणाली, "आई, खरं सांगितलंस ना." एवढंच. आई म्हणाली.

१० फेब्रुवारी

दुपारी खोलीतून आवाज. कुरकुर, कुरकुर. मला वाटलं माळ्यावर खरोखरचा उंदीर शिरला. जाऊन पाहिलं तर ढब्बू मागच्या पायांवर बसून हरळीची काडी दोन्ही हातात धरून सरकवत होता आत, एका टोकाकडून. हनुवटी कोरडी. मी दारातच फरशीवर बसले. अप्पांना हाक मारली नाही, तो दचकला असता. त्यांचं तेच येऊन उभे राहिले, काठी टेकवून. काडी संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत होतो.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

घरात सगळ्यांचा उपास. अप्पा पाणीसुद्धा मोजून पितात आज. तरी सकाळी हरळी निवडायला बसले, पिवळी काडी बाजूला, हिरवट काडी स्वामींना. "सगळ्यांना उपास, ह्येला न्हाई. ह्येनं लई केला."

४३५. परत जागेवर.

गौरीशी बराच वेळ बोलले. ढब्बूला जवळून दाखवला. तिनं स्वतःला दाखवलं नाही, कॅमेरा खिडकीकडे. बाहेर पाऊस. "तू काय खाल्लंस?" विचारलं तर म्हणाली, उपास आहे ना आज. उपास तिनं कधी केलेला मला आठवत नाही.

२२ फेब्रुवारी

४५०. पण आता ऊन. दुपारी त्याचे कान लालसर दिसले, म्हणजे अंग तापलं. फरशीवर ओलं फडकं, बर्फाची बाटली, खिडकीला गोणपाट. डॉक्टरबाई म्हणतात उन्हाळ्याआधी पाचशे झाला तर निभेल, नाहीतर खोली थंड ठेवायची काहीतरी कायमची सोय करा. आणि दाढा परत वाढणार, दर काही महिन्यांनी बघावं लागणार. म्हणजे हे संपणारं नाही. मला वाटत होतं एक आकडा आला की संपेल.

१ मार्च, रविवार

आज मन सकाळपासून थाऱ्यावर नव्हतं. वाटी कालच्यापेक्षा जड लागली.

अप्पांनी दोनशे, दोनशे, मग वीस, वीस टाकली. ढब्बूचं पारडं अजून खाली. पाच टाकलं. काटा मधोमध. पेटीतलं दुसरं पाचाचं वजन अप्पांच्या चिमटीत होतं. मी पाहिलं, आणि मी पाहतेय हे त्यांनी पाहिलं. त्यांचा हात क्षणभर तिथेच थांबला. मग त्यांनी वजन पेटीत त्याच्या खाचेत बसवलं आणि झाकण लावलं.

"चारशे पंचेचाळीस," ते म्हणाले. "पाच कमी. आज मीच सांगतो पोरीला."

फोन त्यांनी कानाला लावला, व्हिडिओ आहे हे त्यांना पटत नाही. "गौरे, पाच कमी झालंय बघ. उन्हानं असंल. पण खरं हाय." मग माझ्याकडे दिला.

पडद्यावर नुसतं छत. मी म्हटलं, अगं पाचच आहे, भरून काढू. हॅलो? तेवढ्यात कॅमेरा छतावरून खाली आला. मला आधी वाटलं दुसरंच कुणीतरी आहे, तिची मैत्रीण असेल. गालाची हाडं, मोठाले डोळे, स्वेटर खांद्यावरून ओघळलेला.

"आई, मी पण खरं सांगू?"

सांग म्हटलं.

"माझं नऊ किलो कमी झालंय."

अप्पा विचारताहेत, काय म्हणतीय. ढब्बू अजून डब्यातच आहे, माझा एक हात त्याच्यावर. दुसऱ्या हातात फोन. मी तिला म्हटलं, आज काय खाल्लंस ते सांग. काहीच नसेल तर काहीच नाही म्हण. फोन ठेवू नकोस. मी बसलेय इथेच.